राजाच्या हातून देवाचा शब्द

एप्रिल १५३९ मध्ये लंडनमध्ये एक भलाथोरला ग्रंथ बाहेर पडला. फुटाहून उंच आणि दोन्ही हातांनी उचलावा लागेल इतका जड. ते संपूर्ण बायबल होते, इंग्रजीत होते आणि राजाच्या परवानगीने छापलेले होते. आकारामुळे त्याला ‘ग्रेट बायबल’ हे नाव पडले. ग्रंथ उघडला की मजकुराच्या आधी पानभर पसरलेले चित्र दिसते. ग्रंथाचे नाव त्या चित्राच्या मधल्या चौकटीत बसवलेले आहे. चित्रात येशूचा जन्म नाही, क्रुसावरचा मृत्यूही नाही. वरच्या बाजूला, मधोमध, सिंहासनावर बसलेला आणि सगळ्यांहून मोठा काढलेला माणूस आहे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री.

हे एक पान कसे तयार झाले, गावोगावी कसे गेले आणि त्याने कोणते काम केले, हे सावकाश पाहण्यासारखे आहे. माझे म्हणणे एवढेच की या चित्राला लोकांना धर्म शिकवायचा नव्हता. धर्म कोणाच्या हातून घ्यायचा, हे त्याला ठसवायचे होते.

हेन्री मुळात पोपला आव्हान देणाऱ्या धर्मसुधारकांच्या बाजूचा नव्हताच. मार्टिन ल्यूथरच्या विरोधात त्याने १५२१ मध्ये लॅटिनमधून पुस्तक लिहिले आणि पोप दहाव्या लिओने त्याला ‘धर्मरक्षक’ ही पदवी दिली. पुढे राणी कॅथरिनपासून मुलगा होईना, तेव्हा हा विवाह मुळातच अवैध होता असे पोपने जाहीर करावे, असा त्याने आग्रह धरला. पण कॅथरिन ही सम्राट पाचव्या चार्ल्सची मावशी. याच चार्ल्सच्या फौजेने १५२७ मध्ये रोम लुटले होते आणि पोप सातव्या क्लेमंटला किल्ल्यात कोंडले होते. भाच्याचा रोष ओढवून मावशीचे लग्न मोडणे पोपला परवडणारे नव्हते. हेन्रीने १५३३ मध्ये ॲन बोलिनशी लग्न केले, आणि १५३४ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख खुद्द राजा ठरला. बिशप जॉन फिशर आणि माजी चॅन्सेलर थॉमस मोर यांनी हे मान्य केले नाही. १५३५ च्या जून-जुलैत दोघांचा शिरच्छेद झाला. लॅटिनमधली मिस्सा-उपासना, धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य, यांना हेन्रीने हात लावला नाही. ग्रेट बायबल निघाले त्याच वर्षी त्याने या जुन्या गोष्टी कायद्याने पक्क्या केल्या. बदलले होते ते अधिकाराचे ठिकाण.

कायदा पार्लमेंटमध्ये मंजूर होतो, पण शेतकऱ्याच्या मनात शतकानुशतके बसलेला पोप कायद्याने निघत नाही. हे काम थॉमस क्रॉमवेलकडे आले. साध्या घरातून वर आलेला हा माणूस राजाचा प्रमुख मंत्री होता, आणि धर्माच्या कारभारातही राजाने त्याला आपला प्रतिनिधी नेमले होते. त्याने लोकांकडून शपथा घेतल्या, व्यासपीठावरून प्रवचने करवली, नाटके करवली, पुस्तके लिहून घेतली. आणि चित्रांचा उपयोगही त्याने ओळखला होता.

ही वाट जर्मनीत आधीच मळलेली होती. १५२१ मध्ये विटेनबर्गमध्ये लुकास क्रानाखच्या चित्रांची एक पुस्तिका निघाली होती: समोरासमोरच्या पानांवर १३ जोड्या, एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला पोप. इकडे येशू शिष्यांचे पाय धुतो आहे, तिकडे पोप राजांकडून स्वतःच्या पायाचे चुंबन घेववतो आहे. चित्रांखाली थोडाच मजकूर. वाचता न येणाऱ्यालाही दोन पानांमधला फरक कळावा, इतकी मांडणी सरळ होती. क्रानाखची ही पुस्तिका पोपला पाडण्यापुरती होती. क्रॉमवेलला पोपच्या रिकाम्या जागी राजा बसवायचा होता, आणि ते जास्त अवघड काम.

आता साधनाकडे वळू. ही चित्रे लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलेली असत. नासपतीसारख्या बारीक पोताच्या झाडाची फळी रंधून गुळगुळीत करायची, चित्रकाराने तिच्यावर रेघांनी चित्र काढायचे आणि मग कोरणाऱ्या कारागिराने रेघ सोडून बाकीचे लाकूड काढून टाकायचे. उरलेली उंच रेघ शाई घेते आणि कागदावर उमटते. कापडावर नक्षी छापायचा लाकडी ठसा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. छापताना चित्र उलटे उमटते, म्हणून डावे-उजवे आधीच फिरवून काढावे लागते. चित्रात अक्षरे असतील तर तीही उलटी कोरावी लागतात. चित्रकार आणि कोरणारा हे सहसा दोन वेगळे लोक असत, आणि चांगल्या कोरणाऱ्याला मोठी मागणी असे.

या साधनाला राजकारणात एवढे मोल का आले, याचे उत्तर ठोकळ्याच्या उंचीत आहे. ठोकळा अक्षरांच्या ओतीव खिळ्यांच्या उंचीइतकाच ठेवलेला असतो. त्यामुळे जुळारी मजकुराचे खिळे जुळवतो त्याच चौकटीत चित्राचा ठोकळा बसतो आणि एकाच दाबात, एकाच शाईत, चित्र आणि शब्द दोन्ही छापले जातात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचे असे नाही. तिथे शाई खोल रेघेत भरायची असते, त्यासाठी वेगळे रुळांचे यंत्र लागते आणि कागद दोनदा छापावा लागतो. लाकडी ठोकळा हजारो प्रती सहज देतो. तो उचलून दुसऱ्या पुस्तकात घालता येतो. त्यातला नको असलेला भाग छाटूनही टाकता येतो. या शेवटच्या सोयीचा उपयोग पुढे कसा झाला, ते येईलच.

क्रॉमवेलच्या काळातला पहिला मोठा प्रयोग १५३५ चा. माइल्स कव्हरडेलने केलेले पहिले छापील संपूर्ण इंग्रजी बायबल परदेशात छापले गेले आणि राजाला अर्पण केले गेले. त्याच्या शीर्षकपानाची चौकट चित्रकार हान्स होल्बाइनने रेखाटली होती. पानाच्या वरच्या टोकाला देवाचे हिब्रू नाव आहे. डाव्या बाजूला जुन्या करारातले प्रसंग आणि उजव्या बाजूला नव्या करारातले: आदम-हव्वेसमोर पुनरुत्थित येशू, धर्मनियम घेणाऱ्या मोशेसमोर शिष्यांना जगभर पाठवणारा येशू. इथे एक बारकावा आहे. रोमच्या परंपरेत स्वर्गाच्या किल्ल्या पीटरकडे असतात आणि पोप स्वतःला त्याचा वारस म्हणवतो. होल्बाइनच्या चित्रात शिष्यांच्या हातांत, प्रत्येकाच्या हाती, किल्ली आहे. पोपचा दावा एका रेषेने खोडला, तोही त्याचे नाव न घेता. खाली, पायथ्याशी, हेन्री बसला आहे. एका हातात तलवार, दुसऱ्या हाताने तो गुडघे टेकलेल्या बिशपांना ग्रंथ देतो आहे. दुसऱ्या बाजूला सरदार गुडघ्यांवर आहेत. दोन अंगांना वीणा घेतलेला दावीद राजा आणि तलवार घेतलेला पॉल उभे आहेत.

या पानावर राजा तळाशी होता. चार वर्षांनी तो वर गेला.

ग्रेट बायबलची छपाई सुरू झाली पॅरिसमध्ये, कारण तिथे कागद चांगला आणि छापखाने मोठे. रिचर्ड ग्राफ्टन आणि एडवर्ड व्हिटचर्च हे प्रकाशक, कव्हरडेल संपादक. डिसेंबर १५३८ मध्ये तिथल्या धर्मन्यायालयाने काम थांबवले आणि छापून झालेले ताव जप्त केले. त्यातले बरेच ताव एका टोप्या विकणाऱ्याला टोप्या गुंडाळण्यासाठी विकले गेले आणि नंतर त्याच्याकडून परत मिळवले, अशी हकीकत पुढे धर्मासाठी मेलेल्यांच्या हकीकती गोळा करणाऱ्या जॉन फॉक्सने लिहून ठेवली आहे. शेवटी खिळे आणि कामगार लंडनला आणून काम पुरे केले.

आता ते पान समोर आहे असे धरून वरून खाली येऊ. ढगांत देव आहे, पण चित्राच्या वरच्या काठाखाली आखडून बसवलेला. त्याच्या तोंडातून निघालेल्या पट्टीवर शब्द आहेत: माझे वचन माझ्याकडे रिकामे परतणार नाही, अशा अर्थाचे. वर उजव्या कोपऱ्यात हेन्री पुन्हा दिसतो. इथे मुकुट जमिनीवर ठेवून तो गुडघ्यांवर आहे आणि देव त्याला सांगतो आहे की मला माझ्या मनासारखा माणूस सापडला. बायबलमध्ये हे शब्द दावीद राजाबद्दल आहेत. हेन्रीला दावीद ठरवण्यासाठी कुठलेही प्रवचन लागले नाही, एक पट्टी पुरली.

मधोमध सिंहासनावरचा हेन्री दोन्ही हातांनी ग्रंथ देतो आहे. एका बाजूला आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर, टोपी उतरवून. दुसऱ्या बाजूला क्रॉमवेल, तोही बोडक्या डोक्याने. ग्रंथावर लिहिले आहे ‘देवाचे वचन’. खालच्या पट्ट्यात तेच दोघे पुन्हा आहेत. क्रॅन्मरच्या डोक्यावर आता बिशपची टोपी आहे आणि तो धर्मगुरूंना ग्रंथ देतो आहे. क्रॉमवेल उमरावांना आणि प्रतिष्ठित गृहस्थांना देतो आहे. दोघांची ओळख पटावी म्हणून जवळच गोल चौकटीत त्यांची घराण्याची चिन्हे काढली आहेत. वर नम्र, खाली अधिकारी: एकाच माणसाच्या डोक्यावर टोपी आहे की नाही, यावरून हुकूम कुठून कुठे जातो ते कळते.

तळाशी गर्दी आहे. डावीकडे एक धर्मगुरू व्यासपीठावरून बोलतो आहे, आणि त्याच्या तोंडचे वचन राजांसाठी प्रार्थना करा असे सांगणारे निवडले आहे. श्रोत्यांमध्ये पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, मुले आहेत. त्यांच्या तोंडून निघालेल्या पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा एकच लॅटिन घोष आहे, ‘व्हिवात रेक्स’, म्हणजे राजा चिरायू होवो. काहींच्या तोंडी तोच घोष इंग्रजीत आहे. उजव्या कोपऱ्यात तुरुंग आहे आणि त्यातून कैदी बाहेर पाहत आहेत.

इथे थांबून दोन प्रवाह पाहावेत. वरून खाली ग्रंथ येतो: देवाकडून राजाकडे, राजाकडून दोघांकडे, त्यांच्याकडून वरच्या थरातल्या लोकांकडे. तळाशी पोहोचेपर्यंत ग्रंथ संपतो आणि आवाज उरतो. सामान्य माणसाला मिळते ते प्रवचन. त्याच्याकडून वर जातो तो जयघोष, आणि तो देवाचा नाही, राजाचा आहे. लोकभाषेतल्या बायबलच्या पहिल्याच पानावर सगळी वचने लॅटिनमध्ये असावीत आणि सामान्य माणसाच्या हाती ते बायबल नसावे, हे मला या चित्रातले सर्वांत प्रामाणिक विधान वाटते. राजसत्तेला ग्रंथ वाटायचा होता आणि त्याच वेळी त्याच्या वाचनाची तिला धास्तीही होती. चित्रकाराने दोन्ही गोष्टी एका पानावर मांडून दाखवल्या.

हे चित्र लोकांपर्यंत पोहोचले ते सरकारी सक्तीने. सप्टेंबर १५३८ मध्येच क्रॉमवेलने हुकूम काढला होता की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे गावाच्या किंवा वस्तीच्या, चर्चमध्ये मोठ्या आकाराचे इंग्रजी बायबल सोयीच्या जागी ठेवावे; खर्च निम्मा धर्मगुरूने द्यावा, निम्मा गावकऱ्यांनी. टाळाटाळ होते आहे हे पाहून १५४१ मध्ये राजाज्ञा निघाली: बायबल नसलेल्या पॅरिशला दरमहा ४० शिलिंग दंड. बांधणीशिवाय प्रतीची किंमत १० शिलिंग, बांधणीसह १२. इंग्लंडमध्ये पॅरिश होते नऊ हजारांच्या आसपास. १५३९ ते १५४१ या अवधीत ग्रेट बायबलच्या सात आवृत्त्या निघाल्या. म्हणजे राजाची प्रतिमा जवळपास प्रत्येक गावात गेली, देवळात ठेवली गेली आणि तिचा खर्च गावाने स्वतः उचलला. नाण्यावरचा राजाचा मुखवटा सोडला तर राजाचे दर्शन इतक्या ठिकाणी घडवणारे दुसरे साधन त्या काळात मला दिसत नाही. आणि नाणे खर्चून हातातून जाते. हे पान तिथेच, ज्या ग्रंथाला पवित्र मानायचे त्याच्या दारात राहते.

जे या चित्रात नाही तेही पाहिले पाहिजे. ग्रेट बायबलचा मोठा भाग विल्यम टिंडेलच्या भाषांतरावर उभा होता. टिंडेलचा नवा करार १५२६ मध्ये वर्म्समध्ये छापला गेला, कापडाच्या गाठोड्यांतून चोरून इंग्लंडमध्ये आला आणि लंडनमध्ये त्याच्या प्रती जाहीरपणे जाळल्या गेल्या. टिंडेल अँटवर्पमध्ये पकडला गेला. १५३६ च्या ऑक्टोबरात ब्रसेल्सजवळ व्हिलव्होर्डे इथे त्याचा गळा आवळून मग त्याला जाळण्यात आले. तीन वर्षांनी त्याचेच शब्द राजाच्या हातातून वाटले जात होते, आणि पानावर त्याच्या नावाची खूण नव्हती. चित्रातली साखळी देवापासून थेट राजापाशी येते. मध्ये ज्याने रात्री जागून हिब्रू आणि ग्रीकमधून इंग्रजी वाक्ये घडवली, त्याला त्या साखळीत जागा नाही. याची मला आजही चीड येते.

नंतर साखळीतलाच एक दुवा तुटला. २८ जुलै १५४० रोजी क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला. दोनच दिवसांनी स्मिथफिल्डमध्ये एकाच वेळी सहा माणसे मारली गेली: तीन सुधारकांना पाखंडी म्हणून जाळले, तीन पोपनिष्ठांना देशद्रोही म्हणून फाशी देऊन चिरले. राजाची मधली वाट कशी होती ते या दिवसाने दाखवले. आता शीर्षकपानाचे काय करायचे? नवा ठोकळा कोरायचा तर वेळ आणि पैसा. मग क्रॉमवेलचे चिन्ह असलेल्या वर्तुळातला भाग ठोकळ्यातून काढून टाकला गेला. नोव्हेंबर १५४० च्या आवृत्तीपासून त्या जागी कोरे वर्तुळ छापले आहे. माणूस मात्र तसाच उभा आहे, हातात ग्रंथ घेऊन, फक्त तो कोण हे आता सांगितलेले नाही. क्रॅन्मरचे चिन्ह समोरच शाबूत आहे, त्यामुळे कोरी जागा जास्तच डोळ्यांत भरते.

इकडे चर्चमध्ये जे घडत होते ते चित्राप्रमाणे नव्हते. लोक नुसते ऐकत नव्हते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये सहा प्रती ठेवल्या गेल्या, आणि तिथे कोणी मोठ्याने वाचायला लागला की भोवती घोळका जमे, अर्थावरून वाद होत. जॉन पोर्टर नावाचा तरुण असा वाचत असे. त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले आणि तो तिथेच मेला, असे फॉक्सने नोंदले आहे. चित्रातल्या उजव्या कोपऱ्यातला तुरुंग इथे खरा झाला. १५४३ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला: कारागीर, उमेदवार कामगार, नोकर, शेतकरी, मजूर आणि साध्या घरातल्या स्त्रिया यांनी इंग्रजी बायबल वाचायचे नाही. उच्च घराण्यातल्या स्त्रियांना खासगीत वाचायची मुभा होती. चार वर्षांपूर्वी शीर्षकपानाने ज्यांच्या हातांत ग्रंथ दिला नव्हता, त्यांच्यापासून तो आता कायद्याने काढून घेतला. त्या चित्राला नुसती सजावट समजणाऱ्याने हा कायदा त्याच्या शेजारी ठेवून पाहावा.

हेन्री १५४७ मध्ये वारला आणि नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर आला. आता सुधारणा खरोखर प्रोटेस्टंट झाली. चर्चमधल्या मूर्ती काढल्या, फोडल्या, जाळल्या. भिंतींवरची संतांची चित्रे चुन्याने पांढरी केली, आणि त्या पांढऱ्या भिंतींवर पुष्कळ ठिकाणी राजचिन्ह रंगवले गेले. इथे साहजिक प्रश्न पडतो. ज्यांना चित्रांचा इतका तिटकारा, त्यांनीच इतकी चित्रे का छापली? सुधारकांचा रोख पूजेवर होता. मूर्तीपुढे माणूस मेणबत्ती लावतो, गुडघे टेकतो, नवस बोलतो. पुस्तकातल्या छापील चित्रापुढे कोणी असे करत नाही. ते मजकुराला जोडलेले असते, त्यातल्या पात्रांच्या तोंडी शब्द असतात आणि ते वाचायचे असते. ही त्यांची भूमिका होती, आणि तिच्यात तथ्य आहे. पण भिंतीवरचा संत पुसून तिथे राजचिन्ह आणले जाते, तेव्हा आदराची ती जागा रिकामी ठेवायची नव्हती हेही उघड आहे.

एडवर्डमागून आली मेरी, कॅथरिनची मुलगी. तिने देश पुन्हा पोपकडे नेला. १५५५ ते १५५८ या काळात सुमारे २८० जणांना पाखंडी म्हणून जाळण्यात आले. पहिला होता जॉन रॉजर्स, ज्याने टिंडेलचे काम पुढे नेऊन १५३७ चे बायबल सिद्ध केले होते. क्रॅन्मरलाही २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डमध्ये जाळले. ग्रेट बायबलच्या चित्रात राजाच्या दोन्ही हातांना उभे असलेले दोघेही असे मारले गेले, एक राजाच्या हुकमाने, दुसरा त्याच्या मुलीच्या.

परागंदा झालेला जॉन फॉक्स बाझेलमध्ये छापखान्यात मुद्रिते तपासून पोट भरत होता आणि या मृत्यूंच्या हकीकती गोळा करत होता. मेरीनंतर एलिझाबेथ राणी झाल्यावर तो परतला, आणि लंडनचा मुद्रक जॉन डे याने १५६३ मध्ये त्याचा प्रचंड ग्रंथ छापला: सुमारे १,८०० मोठ्या आकाराची पाने, पन्नासाहून जास्त चित्रे. १५७० ची दुसरी आवृत्ती दोन खंडांची झाली आणि चित्रे दीडशेच्या आसपास गेली. काही मोठी चित्रे विशिष्ट प्रसंगांसाठी कोरली होती: बिशप लॅटिमर आणि रिडले यांचे दहन, आगीत आधी उजवा हात धरणारा क्रॅन्मर. त्यांच्याखेरीज डेकडे लहान ठोकळ्यांचा संच होता, ज्यात खांबाला बांधलेला एक माणूस किंवा दोघे आणि भोवती ज्वाळा. असा एकच ठोकळा वेगवेगळ्या माणसांच्या हकीकतींजवळ पुन्हा छापला गेला. आज हे आपल्याला खटकेल. पण वाचणाऱ्याच्या मनावर काय होत असेल पाहा: पाने उलटत जावीत आणि तीच आग पुन्हा यावी, नाव दुसरे, गाव दुसरे, आग तीच.

ग्रेट बायबलच्या चित्राला थेट उत्तर देणारी चित्रे या १५७० च्या आवृत्तीत आहेत. पहिल्या खंडाच्या शेवटी पोपच्या उन्मत्तपणाची मालिका आहे. सम्राट चौथा हेन्री १०७७ च्या हिवाळ्यात कनोसाच्या किल्ल्याबाहेर अनवाणी ताटकळत उभा आहे. पोप तिसरा अलेक्झांडर व्हेनिसमध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या मानेवर पाय देऊन उभा आहे. ही दुसरी गोष्ट दंतकथेत जमा होणारी आहे, पण चित्राला त्याने अडले नाही. आणि पुढच्या खंडाच्या चित्रात पारडे उलटते. आठवा हेन्री सिंहासनावर आहे आणि त्याच्या पायाखाली पोप सातवा क्लेमंट आडवा पडला आहे, तिहेरी मुकुट गळून पडलेला. फिशर त्याला सावरायला वाकला आहे. भिक्षू हळहळत आहेत. राजाजवळ क्रॅन्मर आणि क्रॉमवेल पुन्हा उभे आहेत. ज्याचे चिन्ह राजाने छाटायला लावले, त्याला मुद्रकाने तीस वर्षांनी राजाशेजारी परत आणले. हा विजय हेन्रीने असा कधी मिळवला नव्हता, क्लेमंट तर १५३४ मध्येच वारला होता. चित्र जे घडले ते सांगत नव्हते. आधीच्या अपमानांच्या ओळीला ते शेवट जोडत होते. एडवर्डच्या कारकिर्दीच्या चित्रातही तीच जुनी मांडणी आहे: वर पोपची माणसे मूर्ती गलबतात भरून निघाली आहेत, खाली बालराजा बिशपांना बायबल देतो आहे.

चित्र राजसत्तेची स्तुती करता करता तिला अटही घालू शकते, याचे उदाहरण याच ग्रंथात आहे. १५६३ च्या अर्पणपत्रिकेची सुरुवात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावाने होते, आणि त्या पहिल्या मोठ्या अक्षराच्या आत एलिझाबेथ सिंहासनावर बसली आहे, पोप मोडक्या किल्ल्या घेऊन तिच्याखाली चिरडलेला. ती नवी कॉन्स्टंटाइन, चर्चला छळातून सोडवणारी. १५७० मध्ये अर्पणपत्रिका नव्याने लिहिली. तेच अक्षर, तोच ठोकळा, पण आता त्याच्यापुढचे नाव ख्रिस्ताचे. दरम्यानच्या वर्षांत सुधारणा अर्ध्यावर थांबली म्हणून फॉक्ससारखे लोक राणीवर नाराज होते. स्तुती थोडी मागे घेताना चित्राला हात लावावा लागला नाही, फक्त खिळे बदलले. पुढच्याच वर्षी, १५७१ मध्ये, धर्मसभेने हा ग्रंथ प्रत्येक कॅथेड्रलमध्ये आणि वरिष्ठ धर्मगुरूंच्या घरी ठेवावा असे ठरवले. १५३८ चा तोडगा पुन्हा वापरला गेला.

ज्यांच्या विरुद्ध हे सगळे चालले होते तेही गप्प बसले नाहीत. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक राहणे अवघड झाले आणि अनेकजण देश सोडून गेले. त्यांच्यातला एक आपल्या चांगल्या ओळखीचा आहे: विल्टशरमधला थॉमस स्टीफन्स, जो जेझुइट होऊन १५७९ मध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि ज्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन अक्षरांत छापले गेले. फॉक्सच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तो विशीतला होता. फादर स्टीफन्सचे इंग्लंड म्हणजे राजाच्या पायाखाली पोप पडल्याचे चित्र ज्या देशात छापले जात होते, तो देश. त्यांच्या मराठी ओव्यांबद्दल आपण भरभरून बोलतो. ते घर सोडून का निघाले, याचा विचार करताना ही चित्रेही समोर ठेवावीत.

दुसरा होता रिचर्ड व्हर्स्टेगन, लंडनमध्ये जन्मलेला सोनार आणि कोरक. जेझुइट एडमंड कँपियनला डिसेंबर १५८१ मध्ये टायबर्नला मारले, त्याची हकीकत गुपचूप छापल्यामुळे व्हर्स्टेगनला पळावे लागले. १५८७ मध्ये अँटवर्पमध्ये त्याने पाखंड्यांच्या क्रौर्यावर लॅटिन ग्रंथ काढला. त्यात चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली होती, लाकडाहून कितीतरी बारीक रेघांची, आणि चित्रातल्या प्रत्येक प्रसंगाला एक अक्षर दिलेले. खाली त्या अक्षराचा खुलासा. फॉक्सचे चित्र इंग्लंडच्या गावकऱ्यासाठी होते. हे पुस्तक युरोपातल्या दरबारांसाठी होते, म्हणून भाषा लॅटिन आणि कारागिरी उंची. शेवटचे चित्र होते स्कॉटलंडच्या मेरी स्टुअर्ट राणीच्या शिरच्छेदाचे, जो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झाला होता. एका अभिषिक्त राणीला दुसऱ्या राणीने मारले, हे सगळ्या कॅथलिक राजांना डोळ्यांनी पाहायला लावायचे होते. स्पेनचे आरमार इंग्लंडवर निघाले ते त्याच्या पुढच्या वर्षी.